मैदान आणि पायऱ्या

खेळ पाहण्याची हौस खेळण्याच्या हौसेइतकीच जुनी आहे. दोन मल्ल समोरासमोर आले की भोवती माणसांचे कडे पडते, आणि कडे पडले की मागच्या रांगेतला माणूस टाचा उंचावतो. या टाचा उंचावणाऱ्या माणसाची सोय व्हावी म्हणून मातीचे उतार झाले, दगडी पायऱ्या झाल्या, लाकडी गॅलऱ्या झाल्या आणि अखेर काँक्रीटची प्रचंड प्रेक्षागारे उभी राहिली. तथापि या प्रेक्षागारांचा इतिहास चाळला म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ज्याच्या नावाने पायऱ्या बांधल्या जातात त्याला त्या मिळतातच असे नाही. आणि मुळात ज्याचे मैदान होते त्या खेळणाऱ्या मुलाला तर या व्यवहारात कोणी विचारीतही नाही. महाविद्यालयाच्या फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांच्या बैठका वाढवाव्यात काय, हा प्रश्न वरवर पाहता गवंडीकामाचा व हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो मैदान कोणाचे, याचा प्रश्न आहे.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला हा प्रश्न परका नाही. बेळगाव हे छावणीचे गाव. हिंदुस्थानात फुटबॉल पसरला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींच्या आणि मिशनरी शाळांच्या द्वारे. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा पहिल्या वर्षी जिंकली तीही वूस्टरशायर पलटणीनेच. छावणीच्या गावी हा खेळ रुजावा हे स्वाभाविकच होते. पुढे बेळगावात १९३३ साली लिंगराज महाविद्यालय आणि १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय निघाले. निपाणीच्या मुलांसाठी अर्जुननगरात देवचंद महाविद्यालय उभे राहिले. तेथे गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात, असा सीमाभागालाच शोभणारा प्रकार आहे. सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री या पूर्वेकडील गावांतली मुले शिक्षणासाठी बेळगावची वाट धरतात. खेड्यात सपाट जमीन असते ती शेताची; खेळाला मिळते ती पीक निघाल्यानंतर, तीही चार दिवस. अशा मुलाच्या दृष्टीने महाविद्यालय म्हणजे वर्ग, ग्रंथालय आणि बारा महिने मोकळे असणारे एक मैदान.

सांबऱ्याला तर ‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ चांगला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने येथे विमानतळ उभारला. युद्ध संपले, धावपट्टी राहिली. भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आले, प्रवासी विमाने उतरू लागली आणि २०१७ साली विमानतळाची नवी मोठी इमारत सुरू झाली. ही कामे गरजेची होती यात शंका नाही. परंतु सपाट जमीन एकदा एका कामाला लागली म्हणजे दुसऱ्या कामासाठी ती सहसा परत मिळत नाही, हे ज्ञान सांबऱ्याच्या माणसाला पुस्तकातून घ्यावे लागत नाही. महाविद्यालयाच्या मैदानाचा विचार करतानाही हेच ज्ञान हाताशी असावे.

प्रेक्षागाराचा पहिला पाठ निपाणीपासून जवळच, कोल्हापुरात मिळतो. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्थपतींनी हजारो माणसांना एकाच वेळी एकच दृश्य दिसेल अशी रचना कशी केली, हे त्या कुस्तीवेड्या राजाच्या मनात ठसले. त्यातून खासबागेचे कुस्ती मैदान निर्माण झाले. ते १९१२ साली पुरे झाले. मध्ये तांबड्या मातीचा हौद, भोवती मोकळी जागा आणि तेथून चारही अंगांनी चढत गेलेल्या बैठका. छप्पर नाही, त्यामुळे खांब नाहीत. खांब नाहीत, त्यामुळे कोणाची नजर अडत नाही. सर्वांत वरच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यालाही पट कसा काढला ते खालच्या मानकऱ्याइतकेच स्पष्ट दिसावे, ही त्या रचनेची खरी थोरवी.

खासबागेची आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मल्ल खासबागेत तयार होत नसत. ते तयार होत गंगावेस, मोतीबाग आणि पेठापेठांतल्या इतर तालमींत. पहाटेच्या जोर-बैठका, सपाट्या, वस्तादाची नजर आणि अंगाला लागलेली माती हे सारे तालमीत. खासबागेत होई ती वर्षाकाठच्या मोठ्या कुस्त्यांची परीक्षा. म्हणजे कोल्हापुरात तालमी आधीच भरलेल्या होत्या, आणि मग मैदान झाले. प्रेक्षकांची सोय झाली ती खेळणाऱ्यांच्या जागेत भर घालून. त्यांच्या जागेतून काढून घेऊन नव्हे. हा क्रम महत्त्वाचा आहे.

ज्या वर्षी शाहू महाराज विलायतेस गेले त्याच वर्षी, १९०२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस, स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरी आयब्रॉक्स येथे एक भयंकर अपघात झाला. इंग्लंड-स्कॉटलंडचा फुटबॉल सामना चालू होता. वाढत्या गर्दीसाठी तेथे लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून उंच गॅलरी नुकतीच उभारली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात फळ्या मोडल्या, माणसे खाली कोसळली. पंचवीस जण दगावले आणि पाचशेहून अधिक जखमी झाले. तेव्हापासून ब्रिटनमध्ये उंच लाकडी गॅलऱ्यांवरचा विश्वास उडाला, आणि मातीचे भक्कम बांध घालून त्यावर पायऱ्या करण्याची किंवा काँक्रीट वापरण्याची पद्धत रूढ झाली. गर्दी आधी येते आणि बांधकाम मागाहून घाईने होते, तेव्हा काय घडते याचा हा धडा होता.

परंतु महाविद्यालयाच्या प्रेक्षागाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने पिकला तो अमेरिकेत. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. त्यातला चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळतात, आणि एकमेकांना अंगावर घेऊन पाडणे हा त्या खेळाचा नित्याचा भाग आहे. हा खेळ वाढला तो गावोगावच्या संघांतून नव्हे, तर विश्वविद्यालयांतून. हार्वर्ड विश्वविद्यालयाने १९०३ साली सळईच्या काँक्रीटचे भव्य प्रेक्षागार बांधले. अशा बांधणीच्या आरंभीच्या मोठ्या इमारतींत त्याची गणना होते. दोनच वर्षांनी, १९०५ साली, या खेळात एका हंगामात डझनाहून अधिक तरुण प्राणास मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विश्वविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची तंबी दिली. खेळाडूंची चेंगराचेंगरी कमी व्हावी म्हणून मैदान अधिक रुंद करावे, अशी एक सूचना पुढे आली. ती अमलात येऊ शकली नाही. कारण हार्वर्डच्या काँक्रीटच्या पायऱ्या मैदानाला खेटून उभ्या होत्या. मग चेंडू पुढे फेकून देण्यास मुभा देणारा नियम १९०६ साली आला आणि खेळाचे रूपच पालटले. पायऱ्यांसाठी मैदान बदलले नाही, तर पायऱ्या हलत नाहीत म्हणून खेळ बदलला! बांधकामाचा खेळावर असा अंमल चालतो.

याच हार्वर्डने पुढे १९२९ साली प्रेक्षागाराच्या मोकळ्या तोंडाशी पोलादी बैठका घालून आसनसंख्या सुमारे ५७,००० वर नेली. १९५१ साली त्या बैठका काढून टाकण्यात आल्या. मधल्या बावीस वर्षांत विश्वविद्यालय लहान झाले नव्हते. पण विद्येच्या संस्थेला किती मोठा तमाशा झेपतो आणि शोभतो, याविषयीचे मत बदलले होते.

हार्वर्डच्या मागोमाग येल विश्वविद्यालयाने १९१४ साली जमिनीत खोदून सुमारे ७०,००० माणसांचे वाडग्यासारखे प्रेक्षागार केले. पहिले महायुद्ध संपल्यावर तर चढाओढच लागली. या चढाओढीत मिशिगन विश्वविद्यालयाची हकीकत विशेष विचार करण्याजोगी आहे, कारण तेथे हा प्रश्न सरळ वादाला घातला गेला. तेथील क्रीडाविभागाचे प्रमुख फील्डिंग योस्ट यांना मोठे प्रेक्षागार हवे होते. अध्यापकांपैकी अनेकांना ते नको होते. शनिवारच्या सामन्याच्या गोंगाटात सोमवारचा वर्ग बुडतो, हे त्यांचे म्हणणे. विश्वविद्यालयाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडमंड डे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९२६ च्या आरंभी अहवाल दिला. प्रेक्षागार बांधावे, पण ते अगदी साधे असावे. आणि त्याच्या जोडीने सर्व विद्यार्थ्यांना, केवळ निवडक संघाला नव्हे, खेळण्याची साधने मिळावीत, असा त्या अहवालाचा रोख होता.

योस्ट यांनी पैसा उभा केला तो कर्जरोख्यांतून. पाचशे डॉलरांचा एक, असे तीन हजार रोखे लोकांना विकले. रोखा घेणाऱ्यास चांगल्या जागेची तिकिटे विकत घेण्याचा हक्क दिला. १९२७ साली ७२,००० आसनांचे प्रेक्षागार तयार झाले. बहुतेक सारे जमिनीच्या पोटात, वर दिसायला फारसे काही नाही. वरच्या कडेला लाकडी बाके मांडून उद्घाटनाच्या सामन्याला ८४,००० वर माणसे बसवली. दूरदृष्टीची गोष्ट अशी की पाया घालतानाच तो पुढे आणखी पायऱ्या पेलू शकेल एवढा भक्कम घातला होता. त्यामुळे १९४९ साली ९७,००० आणि १९५६ साली एक लाखाहून अधिक अशी वाढ पुढे टप्प्याटप्प्याने होऊ शकली. आज तेथील अधिकृत आसनसंख्या १,०७,६०१ आहे. या साऱ्यात अधिक मोलाची गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. १९२८ साली त्या विश्वविद्यालयाने सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या आपसातील खेळांसाठी स्वतंत्र इमारत उघडली आणि विद्यार्थिनींच्या खेळांसाठीही वेगळी इमारत केली. पाहणाऱ्यांच्या पैशाने खेळणाऱ्यांची सोय झाली. मिशिगनच्या एक लाख आसनांची कीर्ती जगभर झाली. या दोन साध्या इमारतींची झाली नाही.

मात्र सर्वत्र असे घडले नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडू पैसा किंवा अन्य लाभ देऊन ओढून आणण्याची चाल बहुसंख्य संस्थांत शिरली आहे, असे त्यात दिसून आले. कारण उघड होते. पन्नास हजार जागा एकदा बांधल्या की त्या दर शनिवारी भरल्याच पाहिजेत. त्या भरायच्या तर संघ जिंकलाच पाहिजे. आणि संघ जिंकायचा तर अभ्यासाला आलेला मुलगा पुरत नाही, खेळासाठीच आणलेला मुलगा लागतो. पायऱ्यांचे कर्ज अशा रीतीने हळूहळू प्रवेशाच्या नियमांवर चढते.

या साखळीतून बाहेर पडण्याचे धैर्य शिकागो विश्वविद्यालयाने दाखवले. तेथील स्टॅग मैदान एके काळी देशभर गाजलेले. ॲमॉस अलॉन्झो स्टॅग या मार्गदर्शकाने चाळीस वर्षे तेथे संघ घडवले. परंतु १९३९ च्या हंगामात मिशिगनने शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडवला आणि वर्षअखेर कुलगुरू रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहाने विश्वविद्यालयाने हा खेळच आपल्या कार्यक्रमातून काढून टाकला. प्रचंड प्रेक्षागार ओस पडले. तीन वर्षांनी, १९४२ च्या डिसेंबरच्या २ तारखेस, त्याच प्रेक्षागाराच्या पश्चिमेकडील पायऱ्यांखाली असलेल्या एका बंदिस्त खेळघरात एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा व युरेनियम रचून मानवनिर्मित अणुशृंखलेची पहिली प्रक्रिया घडवून आणली. त्या घटनेचे बरेवाईट परिणाम जगाला ठाऊकच आहेत. प्रेक्षागार पुढे पाडले गेले आणि त्या जागी १९७० साली विश्वविद्यालयाचे मोठे ग्रंथालय उघडले. १९६९ साली फुटबॉलही परतला, पण लहान प्रमाणावर, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून. पायऱ्या गेल्या, खेळ राहिला.

अमेरिकेची ही उदाहरणे ऐकून, आपल्याकडे गर्दीच कोठे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १९११ च्या जुलैच्या २९ तारखेस कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अनवाणी पायांनी खेळणाऱ्या हिंदी मुलांनी गोऱ्या पलटणीला नमवले, तो दिवस. मैदानावर एवढा समुदाय लोटला होता की बहुतेकांना खेळ दिसणे शक्यच नव्हते; तेव्हा कोणी किती गोल केले हे मागच्या लोकांना पतंग उडवून कळवीत, असे सांगतात. त्या पतंगांकडे पाहत उभ्या राहिलेल्या माणसांचा बसण्याचा हक्क कोण नाकारील? जागा वाढवण्याची मागणी ही केवळ हौस नव्हे. लोकांच्या जीवनात जेव्हा खेळाला अर्थ येतो, तेव्हा ती मागणीही खरी असते.

आणि ती मागणी दुर्लक्षिली गेली म्हणजे काय होते तेही कलकत्त्यानेच पाहिले. १९६७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस ईडन गार्डन्समध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत जागांपेक्षा कितीतरी अधिक तिकिटे विकली गेल्याने लोक सीमारेषेपर्यंत आले, दंगल झाली आणि त्या दिवशीचा खेळ बुडाला. १९८० च्या ऑगस्टच्या १६ तारखेस त्याच मैदानावर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात गर्दीत चेंगरून सोळा प्रेक्षक मरण पावले. चार वर्षांनी सॉल्ट लेकचे प्रचंड स्टेडियम उघडले. त्यात १,२०,००० माणसे मावत. पुढे २०१७ च्या कुमार विश्वचषकापूर्वी तेथे सर्वत्र खुर्च्या बसवून ती संख्या मुद्दाम पुष्कळ कमी करण्यात आली. किती माणसे कोंबता येतात यापेक्षा किती माणसे सुखरूप घरी जातात हा हिशेब खरा, हे एवढ्या अनुभवानंतर मान्य झाले.

जागा वाढवूनही प्रश्न सुटत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मराठी माणसाच्या घरचेच, मुंबईचे आहे. खेळ क्रिकेटचा, पण वाद नेमका बैठकांचा. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या संस्थेने समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेले ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ च्या डिसेंबरात सुरू झाले. सामने भरवी मुंबईची क्रिकेट संघटना आणि स्टेडियम मालकीचे क्लबाचे. साहजिकच दर कसोटीच्या वेळी संघटनेला, म्हणजे मुंबईतल्या शेकडो लहान क्लबांना, किती जागा मिळाव्यात यावर कुरबूर चाले. मैदानांवर घाम गाळणाऱ्या क्लबांच्या वाट्याला मोजकी तिकिटे आणि क्लबाच्या सभासदांना हक्काच्या आरामखुर्च्या, अशी तक्रार होती. क्लबाची बाजूही पोकळ नव्हती. स्टेडियम त्यांनी स्वतः उभारलेले होते आणि सभासदांच्या वर्गणीवर ते चालत होते.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हा तंटा विकोपास गेला. एका बाजूस क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट, हिंदुस्थानच्या थोर फलंदाजांपैकी एक. दुसऱ्या बाजूस संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. तडजोड होईना. तेव्हा वानखेडे यांनी ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटच्या रेल्वे रुळांलगत, नवे स्टेडियम बांधण्याचे ठरवले आणि थोडक्या महिन्यांत ते उभे केले. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तेथे झाली. त्या सामन्यात क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर एक तरुण चाहता अभिनंदनासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली, आणि त्यावरून प्रेक्षक खवळले. लोकांसाठी बांधलेल्या स्टेडियमची सुरुवात लोकांवरच्या लाठीने व्हावी, हे चांगले चिन्ह खचितच नव्हते.

वानखेडे स्टेडियमवर सुमारे ४५,००० माणसे मावत. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा ही संख्या सुमारे ३३,००० वर आली. त्या वर्षी एप्रिलच्या २ तारखेस भारताने तेथेच अंतिम सामना जिंकला. परंतु त्या सामन्याची सर्वसामान्य लोकांना खुलेपणाने विकली गेलेली तिकिटे सुमारे ४,००० च होती. बाकीच्या जागा संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना, पुरस्कर्ते आणि निमंत्रित यांच्याकडे गेल्या. ज्या तक्रारीतून हे स्टेडियम जन्मले तीच तक्रार छत्तीस वर्षांनी त्याच्याच दारात उभी राहिली. एका शहरात हाकेच्या अंतरावर दोन मोठी स्टेडियमे झाली, कोट्यवधी रुपये खर्ची पडले; आणि टाचा उंचावणारा माणूस होता तेथेच राहिला. जागा किती, यापेक्षा त्या वाटायच्या कोणी आणि कशा, हे ठरवणे अधिक अवघड असते. ते न ठरवता केलेला विस्तार हा जुना तंटा मोठ्या इमारतीत नेऊन ठेवण्यासारखा आहे.

आता सीमाभागातल्या महाविद्यालयाच्या मैदानाकडे या अनुभवाच्या उजेडात पाहावे. वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होतो. सांबऱ्याकडची, निपाणीकडची मुले आपल्या संघाला पाहण्यास येतात. कोणी भिंतीवर, कोणी झाडावर, कोणी सायकलच्या कॅरिअरवर उभे राहून पाहतात. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांत एकाच गोलासाठी आरोळ्या उठतात. अशा दिवशी, दोन बाजूंना पक्क्या पायऱ्या असाव्यात, असे कोणालाही वाटेल.

परंतु हिशेब असा आहे. माणशी दीड फूट धरले तर शंभर मीटर लांबीच्या एका पायरीवर सुमारे सव्वादोनशे माणसे बसतात. दहा पायऱ्या केल्या तर एका बाजूस सव्वादोन हजारांची सोय होते. पायरीची रुंदी पाऊण मीटर धरल्यास या दहा पायऱ्यांखाली साडेसातशे चौरस मीटर जमीन जाते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते. म्हणजे एका बाजूच्या पायऱ्यांत कबड्डीची पाच मैदाने गडप होतात, दोन्ही बाजू धरल्या तर दहा. ज्या महाविद्यालयाकडे जमीन मुबलक आहे त्याला हे कदाचित जाणवणार नाही. ज्याचे एकच मैदान आहे, जेथे सकाळी धावणारे, दुपारी खो-खो खेळणाऱ्या मुली आणि संध्याकाळी फुटबॉलवाले आळीपाळीने उतरतात, त्याने एका दिवसाच्या प्रेक्षकासाठी तीनशे दिवसांच्या खेळाडूची जागा द्यावी काय?

याचा अर्थ पायऱ्या बांधूच नयेत असा नाही. कोल्हापूरने शिकवले की आधी तालीम, मग मैदान. तेव्हा खेळण्याच्या जागेत घट होत नसेल तरच बैठका वाढवाव्यात, आणि वाढवाव्यात त्या अशा की शेवटच्या रांगेतूनही खेळ दिसेल. आयब्रॉक्सने शिकवले की घाईचे उंच सांगाडे जीवघेणे ठरतात; तेव्हा जमिनीला मुळात उतार असेल तेथे मातीचा बांध घालून त्यावर दगडी फरसबंदी करावी, आणि बेळगावच्या पावसाचे पाणी वाहून जाण्यास वाट ठेवावी. मिशिगनने शिकवले की पाया भक्कम घालून पायऱ्या थोड्या ठेवता येतात, पुढची पिढी गरज पडल्यास वाढवील. आणि प्रेक्षकांकडून आलेल्या पैशाचा ठरीव वाटा सर्व मुलामुलींच्या खेळाला द्यावा, हेही त्याच विश्वविद्यालयाने करून दाखवले. मुंबईने शिकवले की किती जागा विद्यार्थ्यांच्या, किती गावकऱ्यांच्या आणि किती पाहुण्यांच्या, हे पायाचा दगड बसवण्याआधी लिहून ठेवावे. इमारत झाल्यावर प्रत्येक खुर्चीला धनी फुटतो.

हार्वर्डचा अनुभव मात्र या सर्वांहून अधिक जवळचा आहे. जे बांधले ते हलत नाही, आणि न हलणाऱ्या वस्तूंसाठी हलणाऱ्या माणसांना जागा करून द्यावी लागते. म्हणून सीमाभागातील महाविद्यालयाने आपल्याकडचा निधी प्रथम दुसऱ्या मैदानावर खर्च करावा, पक्क्या पायऱ्यांवर मागाहून. दुसरे मैदान झाले की खेळणारी मुले दुप्पट होतील. खेळणारी मुले वाढली की त्यांना पाहायला येणारी माणसे आपोआप वाढतील. आणि मग पायऱ्या वाढवण्याची वेळ आली, तर ती मागणी कोणा एखाद्या समितीच्या कल्पनेतून नव्हे, मैदानाभोवती टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांकडून येईल. तोवर मैदानाची मोकळी कड हीच त्या महाविद्यालयाची सर्वांत मोलाची इस्टेट समजावी. वर्षातून एक दिवस त्या कडेवर पाहुणे उभे राहतील, आणि उरलेले दिवस कोणी पाहत नसतानाही तेथे मुले खेळत राहतील.